मदत हवी आहे: ग्लोब्युलिन वाढलेलं, मग हिपॅटायटिस बीची लस का लागू पडली नाही?

धाकट्या भावाला एचआयव्ही आहे. निदान उशिरा झालं, तेव्हा सीडी४ (एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या रोगप्रतिकारक पेशी) १८० होते. एआरटीला, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांना, दीड वर्ष झालं. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडत नाही, सीडी४ ३९०. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस घेतले. परवा टायटर (लशीमुळे बनलेल्या अँटिबॉडीचं रक्तातलं प्रमाण) आला, ४. निदान १० तरी हवा होता.

फाइल चाळताना निदानाच्या वेळचा रिपोर्ट दिसला. ग्लोब्युलिन ५.१, शेजारी लाल बाण. ग्लोब्युलिनमध्ये तर अँटिबॉडीच असतात ना? मग इतक्या अँटिबॉडी बनवणाऱ्या शरीराला ही एक जमू नये? भाऊ म्हणाला, "दादा, माझं शरीर आता नवीन काही शिकत नाही बहुतेक." तेव्हापासून झोप लागत नाहीये. कुणी नीट समजावेल का?

प्रतिसाद:
दादा, तुमची शंका रास्त आहे. १९८३ मध्येच एड्सच्या रुग्णांत हे दिसलं होतं: अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी विनाकारण चेतलेल्या, पण नव्या अँटिजेनला (शरीराला परक्या वाटणाऱ्या घटकाला) उत्तर देताना ढिल्या. विषाणू सहसा बी पेशींत शिरत नाही. पण तो रक्तात खेळत असला की त्या सतत डिवचल्या जातात आणि वाटेल त्या अँटिबॉडी सोडत राहतात. ग्लोब्युलिन वाढतं ते यामुळे. लशीला नेमकी अँटिबॉडी लागते. ती लिम्फ नोडमधल्या जर्मिनल सेंटरमध्ये (बी पेशी जिथे तयार होतात त्या भागात) घडते, आणि तिथे बी पेशींना हेल्पर टी पेशींची, म्हणजे सीडी४ पेशींची, साथ लागते. एचआयव्ही नेमका या टी पेशींत ठाण मांडतो. शिवाय मेमरी (आठवण ठेवणाऱ्या) बी पेशी घटतात, थकलेल्या वाढतात. एआरटीने बरंच सावरतं, पण उपचार उशिरा सुरू झाले तर मेमरी पेशी पूर्ण भरून येत नाहीत.

तरी भावाला सांगा, शिकणं थांबलेलं नाही. अशा वेळी दुप्पट मात्रेने, म्हणजे २०ऐवजी ४० मायक्रोग्रॅमने, पूर्ण कोर्स पुन्हा देतात आणि पुष्कळांना तो लागू पडतो. टायटर शेवटच्या डोसनंतर किती दिवसांनी काढला? महिना-दोन महिन्यांत काढायचा असतो. फार उशीर झाला तर लागू पडलेल्या लशीचाही आकडा उतरलेला दिसतो. आणि लशीआधी हिपॅटायटिस बीचं सरफेस अँटिजेन (आत्ता संसर्ग आहे का ते दाखवणारं) व कोअर अँटिबॉडी (आधी कधी संसर्ग झाला होता का ते दाखवणारी) तपासली होती का?

मूळ धागाकर्ता:
मनापासून आभार. टायटर सहा आठवड्यांनी काढला, डोस २०चेच होते. अँटिजेन निगेटिव्ह आहे, कोअर अँटिबॉडीचा कागद मात्र फाइलमध्ये नाही. सोमवारी डॉक्टरांना दोन्ही विचारतो. तुमचा प्रतिसाद भावाला आत्ताच वाचून दाखवला.