शब्दचर्चा : निमसरकारी, प्राधिकरण आणि उत्तरदायित्व

प्रश्न : 'निमसरकारी', 'अर्धशासकीय', 'महामंडळ', 'सार्वजनिक उपक्रम' हे शब्द बातम्यांत सर्रास एकमेकांच्या जागी येतात. त्यांत फरक काय? आणि एखाद्या संस्थेला माहिती अधिकार कायदा लागू आहे की नाही, हे या शब्दांवरून ठरतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण महत्त्वाचं तेच आहे. नाही, शब्दांवरून ठरत नाही. संस्थेचे पदाधिकारी मात्र ते शब्दांवरून ठरवू पाहतात आणि अर्जदारही पुष्कळदा तेवढ्यावर माघारी फिरतो.

'निम' हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ अर्धा. निमगोरा, निमशहरी, तसंच निमसरकारी. बोलीत तो पक्का रुजला आहे आणि वापरायला काहीच हरकत नाही. पण माहिती अधिकार कायद्यात 'निमसरकारी' असा वर्गच नाही, त्यामुळे अर्धी संस्था सरकारी म्हणून माहितीही अर्धीच, असा अर्थ काढता येत नाही. 'अर्धशासकीय' हा शब्द संस्थेसाठी टाळावा. कचेरीच्या भाषेत अर्धशासकीय पत्र, म्हणजे 'अ.शा. पत्र', हे एका अधिकाऱ्याने दुसऱ्याला नावानिशी लिहिलेलं पत्र असतं. तोच शब्द संस्थेला लावला की घोटाळा होतो.

'महामंडळ' जरा फसवा आहे. राज्य परिवहन महामंडळ १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली उभं आहे आणि औद्योगिक विकास महामंडळाला १९६१ चा स्वतंत्र कायदा आहे. सिडकोच्या नावातही महामंडळ आहे, पण ती १९७० साली कंपनी कायद्याखाली नोंदवलेली कंपनी. वीज मंडळाचं तर जून २००५ मध्ये विभाजन होऊन कंपन्या झाल्या आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला माहिती अधिकार कायदा पूर्णपणे अमलात आला. 'आता आम्ही कंपनी आहोत' या उत्तराला त्या कायद्यात आधार नाही. पाटी बदलली, मालक तोच राहिला.

आता कायद्याचा स्वतःचा शब्द : 'सार्वजनिक प्राधिकरण'. मराठी वाचकाला प्राधिकरण म्हटलं की जीवन प्राधिकरण किंवा महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आठवतं. इथे अर्थ कितीतरी रुंद आहे. ग्रामपंचायतही सार्वजनिक प्राधिकरण आहे. कलम २(ज) नुसार राज्यघटनेने, संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने, अथवा सरकारी अधिसूचनेने स्थापन झालेली संस्था यात येते. त्याशिवाय सरकारच्या मालकीची, सरकारच्या नियंत्रणाखालची किंवा सरकारी पैशावर भरीव प्रमाणात चालणारी संस्थाही येते, मग ती बिगरसरकारी का असेना.

सगळी लढाई 'नियंत्रण' आणि 'भरीव' या दोन शब्दांवर होते. थलप्पलम सेवा सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की, नुसती देखरेख किंवा नियमन म्हणजे नियंत्रण नव्हे. ते भरीव असलं पाहिजे. म्हणून निबंधकाकडे नोंदलेली प्रत्येक सहकारी संस्था आपोआप या व्याख्येत बसत नाही. याच निकालातला दुसरा भाग मात्र फार कमी लोक सांगतात. निबंधक स्वतः सार्वजनिक प्राधिकरण आहे आणि सहकार कायद्याखाली संस्थेकडून जी माहिती तो मागवू शकतो, ती त्याच्याकडे अर्ज करून मागता येते. संस्थेने दार लावलं तरी ही वाट उघडी राहते.

'भरीव' म्हणजे निम्म्याहून जास्त का? डीएव्ही महाविद्यालय विश्वस्त संस्थेच्या खटल्यात २०१९ मध्ये न्यायालयाने टक्केवारीचा हा आग्रह नाकारला. सवलतीत किंवा फुकट मिळालेली जमीनसुद्धा भरीव साहाय्य ठरू शकते. कंपनी कायद्यातल्या 'सरकारी कंपनी'ला ५१ टक्के भागभांडवलाची अट आहे. ती इकडे आणून लावणं चूक. या दोन संज्ञांची सरमिसळ मी वकिलांच्या लेखांतही पाहिली आहे.

नाव काय दिलं यापेक्षा ताबा कोणाचा हे पाहायचं, हा विचार केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत ॲमट्रॅक या रेल्वे कंपनीबद्दल कायद्यातच लिहिलं होतं की, ती सरकारी संस्था नाही. तरीही नागरिकांच्या घटनात्मक हक्कांपुरती ती सरकारच आहे, असा निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला.

पुढचा प्रश्न : मग 'जबाबदारी', 'जबाबदेही' की 'उत्तरदायित्व'?

'जबाबदेही' हिंदीतून येते आहे; मराठीत तिची गरज नाही. 'जबाबदारी' म्हणजे अंगावर घेतलेलं काम आणि 'उत्तरदायित्व' म्हणजे त्या कामाबद्दल कुणापुढे तरी उत्तर देण्याचं बंधन. महामंडळाच्या अध्यक्षाकडे जबाबदारी असते, पण लेखे वेळेवर तपासून विधिमंडळापुढे आले नाहीत तर उत्तरदायित्व कागदावरच राहतं. शब्द जड वाटत असेल तर आपल्याकडे 'जाब विचारणे' हा अस्सल वाक्प्रचार आहे. मला तो जास्त आवडतो, कारण त्यात विचारणारा माणूस दिसतो. 'पारदर्शकता' या शब्दात तो दिसत नाही, आणि संस्था स्वतःच तिची घोषणा करून मोकळ्या होतात. खरी कसोटी कलम ४ ची, म्हणजे कचेऱ्यांत ज्याला '१७ मुद्द्यांची माहिती' म्हणतात त्याची. ती कुणी न मागता प्रसिद्ध करायची असते आणि तिच्यात अधिकाऱ्यांचं मासिक वेतनही येतं.

आणखी एक : 'व्यावसायिक गोपनीयता' हा शब्द सांगून करार नाकारला तर?

कलम ८(१)(घ) मध्ये नुसती गोपनीयता पुरत नाही. माहिती उघड झाल्याने त्रयस्थ पक्षाच्या स्पर्धेतल्या स्थानाला हानी पोहोचायला हवी, आणि व्यापक लोकहित असेल तर तीही माहिती द्यावी लागते. ठेकेदार आपल्या दरांच्या पृथक्करणासाठी हे संरक्षण मागेल, ते मी समजू शकतो. पण काम कितीला दिलं, मुदतवाढ किती वेळा मिळाली, दंड लावला की माफ केला, हे सांगितल्याने कुणाचं स्पर्धेतलं स्थान ढळतं? अपिलात हाच प्रश्न लेखी विचारावा आणि कलमातला 'हानी' हा शब्द अधोरेखित करावा.