मास कॉम केलेल्यांनो, इकडं या! (मराठवाडा विशेष)

खामकाठ:
भाचीनं बारावीनंतर बी.ए. मास कॉम धरलंय. काल तिचा फॉर्म भरताना अभ्यासक्रम उघडला तर पहिल्याच पेपरात शॅनन आणि वीव्हर, तेच संवादाचं मॉडेलवाले! अजून आहेत बुवा. शॅननने 1948 मध्ये टेलिफोन कंपनीत बसून मांडलेलं गणित आम्ही औरंगाबादेत (तेव्हा औरंगाबादच) घोकलं होतं. प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक आणि मध्येच कडमडणारा 'नॉइज'. सर नॉइज शिकवत असतानाच लाइट गेली आणि खालच्या झेरॉक्सवाल्यानं जनरेटर ओढला. सर खिडकीकडं बोट दाखवून म्हणाले, "हा बघा, आला. लिहून घ्या." पेपरात मी जनरेटरचंच उदाहरण लिहिलं, मार्कही पडले.
तुमचं येऊ द्या. नोकरी लागली की नाही ते सोडून काहीही सांगा.

जुना_पेजमेकर:
आमच्या वेळी कुठलं हो तीन वर्षांचं? पदवी झाल्यावर एक वर्षाचं बी.जे., म्हणजे पत्रकारितेची पदवी, असायचं. वर्गात निम्मे वकिलीवाले, दोन मास्तर, एक बँकेतला. संपादक अनंतराव भालेरावांचे 'मराठवाडा' दैनिकातले अग्रलेख सर मोठ्यानं वाचून दाखवायचे, त्यावर भांडणं व्हायची. 6 जानेवारीला 'दर्पण' या पहिल्या मराठी वृत्तपत्रावर भाषण ठरलेलं. बाकी दिवस पानं लावायचं पेजमेकर आणि मराठी टायपिंगची श्रीलिपी. जोडाक्षर फुटलं की कॉम्प्युटरवाला आमच्याकडं असा बघायचा की आम्हीच फोडलंय.

चाकूरची:
2016, मी सेकंड इयरला, लातूर. दुष्काळाचं बाकी सांगायला नको.
मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनवर दिल्लीचे सगळे कॅमेरे. त्याच आठवड्यात वर्गात अजेंडा सेटिंग चालू होतं, मॅककॉम्ब्स आणि शॉ, 1972. माध्यमं काय विचार करा ते सांगत नाहीत, कशाबद्दल करा ते ठरवतात, वगैरे. आणि इकडं रेल्वे सगळ्या देशानं पाहिली, पण आमच्या गल्लीत टँकर कधी येणार ते एकही चॅनल सांगेना. प्रॅक्टिकलला कुणाचा तरी बाइट, म्हणजे रेकॉर्ड केलेलं बोलणं, हवा होता म्हणून लायनीत उभ्या आईपुढंच माइक धरला. म्हणली, "आधी हंडा धर, मग काय इचारायचं ते इचार." हंडा धरला. रेकॉर्डिंग चालूच राहिलं. त्यात फक्त घागरींचा आवाज आणि एका काकूंनी नंबर तोडणाऱ्याला घातलेल्या शिव्या. मॅडमनी तेच सबमिट करायला लावलं.

गोदाकाठ:
@चाकूरची 😂😂 शिव्या बीप केल्या का?

चाकूरची:
मॅडम म्हणाल्या राहू दे, ॲम्बियन्स आहे, आसपासचा आवाज.

उमरग्याचा:
विकास संप्रेषणाच्या पेपरला 'साइट' होतं का कुणाला, तो उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवायचा प्रयोग? 1975-76, नासाचा उपग्रह, सहा राज्यांतली सुमारे 2400 गावं. महाराष्ट्र त्यात नव्हता, कर्नाटक होता, त्यातही गुलबर्गा जिल्हा. म्हणजे आमच्या शिवेपलीकडं. मी आजोबांना विचारलं तर म्हणाले, "तिकडं टीव्ही आला म्हणून ऐकलं होतं, पण आपल्याला कोण बोलवतंय." एवढं एक वाक्य मी दहा मार्कांच्या उत्तरात घुसडलं.
इंटर्नशिप मात्र बेकार. एका लोकल चॅनलला होतो. बूम माइक धरा, पेट्रोल आपलं घाला आणि जमलं तर जाहिरात आणा. सरपंचाच्या वाढदिवसाची जाहिरात मी आणली आहे, हसू नका.

गोदाकाठ:
हसत न्हाई, मी आमदाराची आणली होती.

परभणीकरीण:
भाकरी तव्यावर आहे, पटकन लिहिते. रेडिओच्या पेपरला आकाशवाणी परभणीला भेट होती. आम्ही पोरी नटूनथटून गेलो, रेडिओ आहे हे कुणाच्या डोक्यातच नाही. मग कॉलेजात बातम्या वाचायचा सराव. माझं 'पाणी' म्हणताना 'पानी' व्हायचं आणि वर्गातल्या एका लातूरच्या पोराच्या तोंडून "मराठवाड्यात सर्वत्र पाऊस पडूलालाय" गेलं. सगळा वर्ग फुटला. सरांनी त्याला महिनाभर श्लोक म्हणायला लावले. पण फील्डला गेलो की शेतकरी त्याच्याशीच बोलायचे. आम्ही "आपल्याला काय वाटतं?" विचारायचो, ते नुसते माना हलवायचे. हा बांधावर बसून "काय म्हंतंय सोयाबीन?" एवढंच म्हणायचा आणि अर्धा तास बाइट. मला तर पटत नाही की त्याची बोली घासून काढायची गरज होती. स्टुडिओत प्रमाण बोलायला शिकवा, पण दुसरी पुसू नका.

जुना_पेजमेकर:
@परभणीकरीण हेच ते. कॅट्झ-लाझार्सफेल्ड द्विस्तरीय प्रवाह शिकवायला 1955 चं अमेरिकेतलं पुस्तक काढतात आणि पोरांना पारावर पाठवत नाहीत. पारावर पेपर एकच वाचतो, बाकीचे त्याच्या तोंडून ऐकतात.

उमरग्याचा:
काका, आता पारावर व्हॉट्सॲप आहे. वाचणारा तोच, फॉरवर्ड करतो.

बार्शीनाका:
मी कृषीवाला, चुकून आलो. तो सोयाबीनवाला पोरगा आता काय करतो?

परभणीकरीण:
यूट्यूबवर बाजारभाव सांगतो. 'पडूलालाय' तसंच ठेवलंय. भाकरी करपली 😑

खामकाठ:
मस्त चाललंय. भाचीला सगळं वाचून दाखवतेय, तिला फक्त हंडा आवडला. तिच्या अभ्यासक्रमात आता ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) आहे म्हणे, इंटर्नशिपला क्रेडिट मिळतं. पेट्रोल कुणाचं ते लिहिलेलं नाही. बरं, संभाजीनगरात विद्यापीठाच्या बाजूला मुलींसाठी चांगली मेस सुचवा ना कुणी. हॉस्टेलची यादी लागायचीय.

गोदाकाठ:
माझी बहीण तिथल्याच एका मेसला आहे. पोळ्या बऱ्या, भाजीत तेल पोहतं.

बार्शीनाका:
डबा लावा सरळ. बेगमपुऱ्याकडं बऱ्याच मावश्या देतात.

गोदाकाठ:
मेसचं नाव व्यनि (खासगी निरोप) केलंय ताई. रविवारी रात्री बंद असते तेवढं विचारून घ्या.