मदत हवी आहे : राजहंसगडावरचं धुकं फोटोत राखाडी का येतंय?

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, फोटोग्राफीत नवखाच. या थंडीत तीन रविवार पहाटे येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेलो. सूर्य सातच्या सुमारास वर येतो. खाली शिवारात मसुराच्या वाफ्यांवर धुक्याचा थर, पश्चिमेला सह्याद्रीच्या एकामागे एक रांगा. डोळ्यांना इतकं भारी दिसतं की थंडीनं बोटं आखडलीत हेही विसरायला होतं.

पण घरी येऊन बघावं तर धुकं राखाडी, मळकं. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, ट्रायपॉडवर, अपर्चर प्रायॉरिटीला (छिद्र मी ठरवतो, शटरचा वेग कॅमेरा). पांढरं जास्त दिसलं की कॅमेरा फोटो काळपट करतो, हे वाचलंय. म्हणून प्लस १ एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन दिलं (कॅमेऱ्याच्या हिशेबापेक्षा फोटो उजळ काढला), तर पूर्वेचं आकाश फटफटीत पांढरं! शिवाय ऊन पाच-दहा मिनिटांत बदलतं. सेटिंग जमेपर्यंत केशरी रंग गेलेला असतो.

दुसरं, ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेरा आपणच रंगाचा तोल ठरवतो ते सेटिंग) तो केशरी रंगच खाऊन टाकतो असं वाटतंय. रॉमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढतो, पण घरी दुरुस्त करताना नेमका रंग आठवत नाही. तिथेच व्हाइट बॅलन्स डेलाइट किंवा क्लाउडीवर ठेवू का?

आकाशासाठी ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर (वरचा भाग गडद असलेली काच) घ्यावा, की ब्रॅकेटिंग करून (कमी-जास्त उजेडाचे) तीन फोटो जोडावेत? बजेट तुटपुंजं आहे. तटबंदीची ओळ आडवी सरळ नसल्यानं फिल्टर तिथं काळा पट्टा मारेल, अशीही शंका येते.

येत्या रविवारी पुन्हा जातोय. त्याआधी कुणी सांगितलं तर बरं होईल बघा.