मदत हवी आहे: कुंडीतल्या ब्लूबेरीची नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या (बेळगाव)

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात टिळकवाडीला राहते. मार्गशीर्षात लेकीनं 'बिलॉक्सी' ब्लूबेरीची दोन रोपं आणून दिली. या जातीला कमी थंडीही पुरते, म्हणून हीच निवडली. आपलं गाव अडीच हजार फुटांवर असलं तरी हिमाचलासारखा गारठा इथं कुठला!

माहेर खानापूरकडचं, तिथली तांबडी माती मुद्दाम पोतंभर आणली. निम्मी माती, निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). जानेवारीपर्यंत रोपं झकास होती. नंतर कोवळी पानं पिवळी पडू लागली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. जुन्या पानांना काही नाही. म्हणजे लोह मिळत नाहीये. तांबड्या मातीत लोह भरपूर असतं, पण मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्काचं माप) चढला की मुळांना ते घेता येत नाही. ब्लूबेरीला सामू ४.५ ते ५.५ लागतो. मी पट्टीनं तपासलं: बोअरचं पाणी ८, कुंडीतून निथळलेलं ७.

त्यात परवा पाहिलं, तर सासूबाई बंबातली राख रोज सकाळी मूठभर दोन्ही कुंड्यांत पसरत होत्या. अळवाला राख मानवते, म्हणून मायेनंच टाकत होत्या. पण राखेनं सामू आणखी चढतो. वरचा थर हलक्या हातानं खरवडून काढलाय. मुळं अगदी वरवर आणि केसासारखी बारीक आहेत, दोन-चार तुटलीच.

आता विचारायचं ते हे. मृग लागायच्या आत माती सगळी बदलू, की पाऊसपाण्यानं राख धुपून जाईल म्हणून थांबू? दुकानदारानं पाण्यात मिसळणारं गंधक दिलंय, ते फवारणीचं. १४ इंची कुंडीला मातीत किती ग्रॅम घालायचं? गंधकाला काम करायला महिने लागतात, तोवर बोअरच्या पाण्यात लिंबूसत्त्व घालून दिलं तर चालेल का, आणि बादलीला किती? गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवायचंय, पण टाकी सिमेंटची आहे, त्यात पुन्हा चुना उतरेल ना?

खतात अमोनियम सल्फेट देणार आहे, नायट्रेटवालं नाही.

खानापूर, चंदगड, निपाणी भागात कुणी ब्लूबेरी जगवली असेल तर कृपया लवकर सांगा. एका रोपाचा शेंडा कालपासून करपायला लागलाय.