सल्ला हवा: वडिलांना घेऊन हॅम रेडिओसाठी पुण्याजवळचं सोपं शिखर

कोथरूडकर_व्हीयू३
नमस्कार मंडळी. वडील ७१ वर्षांचे, १९८४ पासून हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणारे. मी यंदाच रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना काढला. वडिलांनी आयुष्यभर घराच्या गच्चीवरूनच रेडिओ चालवला. एकदा तरी डोंगरमाथ्यावरून कॉल द्यायची, म्हणजे रेडिओवरून हाक मारून उत्तराची वाट बघायची, त्यांची इच्छा आहे. दोन वर्षांपूर्वी गुडघा बदललाय. सपाट चालतात, पायऱ्या त्रासाच्या. गाडी जवळपर्यंत जाईल आणि पुढे १५-२० मिनिटांपेक्षा जास्त चालावं लागणार नाही, अशी जागा सुचवा. घरी मायक्रोबिटएक्स (लांब पल्ल्याचा शॉर्टवेव्ह रेडिओ संच) आणि ५ वॅटचा हँडहेल्ड (हातात धरायचा, सरळ रेषेत पोचणारा रेडिओ) आहे. अँटेना आणि बॅटरी घ्यायची आहे, बजेट ५००० रुपये, त्याच्या वर नाही.

सह्यवेडा
कळसूबाई! १६४६ मीटर, महाराष्ट्रात त्याच्या वर काही नाही. बारी गावातून रात्री दोनला निघालो, सूर्योदयाला माथ्यावर. नुसत्या हँडहेल्डवर नाशिकचा स्टेशन असा आला की शेजारी बसून बोलतोय. शिड्या आहेत, पण लोखंडी आहेत, पक्क्या. वडिलांना सावकाश न्या.

मीनाक्षी_पी
सह्यवेडा, गुडघा बदललाय असं स्पष्ट लिहिलंय हो. बारीतून वर जायला धडधाकट माणसालाही तीन तास लागतात.
सिंहगड बघा. १३१२ मीटर, गाडी वाहनतळापर्यंत जाते. पुण्यापासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहात, म्हणजे दोन मीटर बँडवर (हँडहेल्डच्या लहरींवर) सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर मोकळे. पण पुणे दरवाज्यापर्यंत पायऱ्या आहेत, त्या आधी स्वतः चढून मोजा.

जुना_ऑपरेटर
सिंहगडाबद्दल माझा अनुभव वाईट. गडावर टीव्हीचा टॉवर आहे. हँडहेल्ड त्याच्या जवळ धरला की बहिरा होतो. समोरचा स्टेशन ओरडत असतो आणि आपल्याला नुसती खरखर. सकाळी सहाला गेलो, अकराला दोन संपर्क घेऊन परत. बॅटरी पण बंद पडली, गाडीच्या दुकानातून घेतलेली जड लेड-अ‍ॅसिड होती, अडीच किलो खांद्यावर वाहून नेली ती वाया. जायचंच तर टॉवर आणि तुमच्यामध्ये जमिनीचा उंचवटा येईल अशी जागा शोधा.

व्हीएचएफ_प्रेमी
सिंहगड +१. उत्तम जागा.

शॅक_सम्राट
बिटएक्स घरी ठेवा. मी मागच्या वर्षी १०० वॅटचा रेडिओ, ऑटो ट्यूनर (अँटेना रेडिओशी जुळवणारं यंत्र) आणि कार्बन फायबरचा मास्ट (अँटेनाचा खांब) घेतला, सगळं मिळून दीड लाखाच्या आत. पहिल्याच दिवशी जपान लागला. एकदाच खर्च करा, चांगलं घ्या.

कोथरूडकर_व्हीयू३
सर, बजेट ५००० आहे.

शॅक_सम्राट
हप्त्यावर मिळतो.

टेकडीवाला
मुद्द्यावर येऊ का? अश्हर फरहान यांचं मायक्रोबिटएक्स सुमारे १० वॅट देतं, पण त्याचे आयआरएफ-५१० ट्रान्झिस्टर चुकीच्या अँटेनावर जळतात. मी एकदा घाईत जाळले आहेत. म्हणून ट्यूनर लागणारी अँटेना घेऊच नका, मापाची तार लावा. ७ मेगाहर्ट्झसाठी (मायक्रोबिटएक्सचा एक बँड) साधा डायपोल, म्हणजे दोन सारख्या तारांची अँटेना: दोन्ही बाजूंना १० मीटर १० सेंटिमीटर वायर, मध्ये बालन (तारा आणि केबल जुळवणारा तुकडा). उलट्या व्ही आकारात, मधलं टोक सहा-सात मीटर वर. त्यासाठी मासेमारीची दुमडती फायबर काठी चालते. हे सगळं मिळून दोन हजारांच्या आत बसतं. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट, ६ अँपिअर-अवर, मला अडीच हजारांत मिळाली. ऐकताना रेडिओ अर्धा अँपिअरही घेत नाही, बोलताना दोन-अडीच. सकाळभर पुरते.
आणि कोक्स (रेडिओपासून अँटेनापर्यंतची केबल) लहान ठेवा. दोन मीटर बँडवर १० मीटर आरजी-५८ केबल साधारण २ डीबी खाते, म्हणजे ५ वॅटचे तीनच वर पोचतात. सात मेगाहर्ट्झवर एवढा फरक पडत नाही.

सह्यवेडा
गाडीने वर जाऊन रेडिओ लावला तर तो डोंगर कसला? चढून या, मग कॉल द्या.

मीनाक्षी_पी
'समिट्स ऑन द एअर' हा डोंगरमाथ्यावरून रेडिओ चालवायचा उपक्रम २००२ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला. नियमात लिहिलंय की शेवटचा टप्पा स्वतःच्या पायांनी जायचा, गाडीच्या बॅटरीवर चालवायचं नाही, आणि माथ्यापासून उंचीत २५ मीटरच्या आत बसायचं. किती अंतर चालायचं याचं बंधन नाही. चार संपर्क झाले की गुण. ७१ वर्षांचा माणूस वाहनतळापासून पिशवी घेऊन माथ्यावर गेला तर तो चढलाच. आणि यांनी गुण मागितलेच नाहीत, वडिलांसाठी सकाळ मागितली आहे.

सह्यवेडा
बरं. माझं म्हणणं मागे घेतो. तरी कळसूबाई एकदा बघाच.

करवीरचा_पोरगा
भावा, आमच्या जोतिबाला ये की. गाडी जवळ जातीय, दर्शन पण हुतंय, गुलालात न्हाऊन जायचं. रेडिओ बसवायला जागा भरपूर. मी दोनदा लावलाय, चैत्र यात्रेला मात्र येऊ नको, पाय ठेवायला जागा नसतीय.

कड्यावरचा
दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत म्हणून लिहितो. एक, मधमाश्या. कड्याला आग्या मोहोळ असतं. आमच्या गटातल्या एकाने तार झाडावर टाकायला दगड बांधून भिरकावला, तो मोहोळाजवळ गेला. आम्ही पळालो म्हणून वाचलो, त्याला ४० डंख, दवाखान्यात एक रात्र. तार फेकायच्या आधी वर बघा, काठी वापरा.
दुसरं, एप्रिल-मे मधली वळवाची गडगड. पहिला गडगडाट ऐकू आला की काठी उतरवायची आणि खाली यायचं, संपर्क अर्धवट राहिला तरी. मी ऐकलं नाही, वीज शेजारच्या टेकाडावर पडली. तो आवाज अजून कानात आहे.

वाईकर
महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट. १४३९ मीटर, गाडी थेट वर. वडिलांना चढावंच लागणार नाही. पण सुट्टीच्या दिवशी सूर्योदयाला गर्दी इतकी असते की तार पसरायला जागा मिळत नाही. आणि पाचगणीचं टेबललँडही आहे, सपाट, मोठं पठार. बायकोला घोड्यावर बसवा, तुम्ही रेडिओ लावा.

जुना_ऑपरेटर
कुठेही जा, परवान्याची प्रत बरोबर ठेवा आणि घराबाहेरून चालवण्याच्या अटी परवान्यासोबतच्या कागदात वाचून घ्या. तार बघून लोक विचारतात. एकदा मला तासभर समजावत बसावं लागलं, शेवटी परवाना दाखवल्यावर चहा मिळाला.

व्हीएचएफ_प्रेमी
वर सांगितलंच आहे, पण सिंहगड.

कोथरूडकर_व्हीयू३
सर्वांचे मनापासून आभार. टेकडीवालांच्या मापाने डायपोल काल रात्री वडिलांनी आणि मी मिळून बनवला. एकूण खर्च ४३५० झाला, त्यात बॅटरी धरून.
जागा मात्र तुमच्यापैकी कोणी सांगितलेली नाही. आम्ही पुण्यातल्याच वेताळ टेकडीवर जातोय. एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने गाडी वर ठेवून पुढे जवळजवळ सपाट चालायचं. वडील सकाळचे तिथे फिरतात, कुठला बाक कुठे आहे हे त्यांना पाठ आहे. थकले तर अर्ध्या तासात घरी.

मीनाक्षी_पी
ती साधारण ८०० मीटर आहे आणि भोवती सगळं शहर. सात मेगाहर्ट्झवर शहराचा गोंगाट ऐकायला डोंगरावर जायचं?

कोथरूडकर_व्हीयू३
हीच भीती मलाही होती. म्हणून बुधवारी पहाटे नुसता रिसीव्हर आणि पाच मीटर वायर घेऊन गेलो. घरी इन्व्हर्टर आणि चार्जरचा जो घरघराट कानात बसतो, तो टेकडीवरच्या देवळाच्या पलीकडे जवळजवळ नव्हता. हैदराबादचे दोन स्टेशन बोलत होते, शब्द न शब्द कळला. सात मेगाहर्ट्झवर दिवसा जवळपासच्या राज्यांत आवाज आकाशातून परतून येतो, तिथे माथ्याची उंची तितकी मोजावी लागत नाही, हे वडिलांनीच समजावलं. हँडहेल्डसाठी सिंहगड नंतर, मी एकटा जाईन.
रविवारी सकाळी ६:३० ला, म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ०१:०० ला, ७.०३० मेगाहर्ट्झवर. वडील मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक लिपी) देणार, १९८४ ची तीच मोर्स-की (बोटाने दाबायची कळ) घेऊन, सावकाश वेगाने. दहा मिनिटं ते एकटेच कॉल देतील. ऐकलंत तर उत्तर द्या.

टेकडीवाला
गजर लावला.

जुना_ऑपरेटर
मी पण. माझा मोर्स गंजलाय, आज रात्री सरावाला बसतो.