मदत हवी आहे: गोळ्या सुरू केल्यापासून हिरड्यांतून रक्त

मैत्रिणींनो, मी गोव्यातल्या फोंड्याची. गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यापासून ब्रश करताना रक्त येतंय. खालच्या पुढच्या दातांमधली हिरडी फुगून लालबुंद झालीय. डेंटिस्ट म्हणाल्या, हार्मोन्समुळे थोड्याशा कीटणानेही हिरडी जास्त सुजते. पूर्वीच्या जास्त डोसच्या गोळ्यांनी हे फार व्हायचं, आताच्यांनी कमी. मग मलाच का? सासूबाई मीठ-हळद चोळ म्हणतात (गोळ्यांचं त्यांना ठाऊक नाही, असो). त्यात अक्कलदाढ काढायचीय, आणि गोळ्या चालू असताना ड्राय सॉकेटचा (दाढ काढलेल्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून जाऊन तिथे खूप दुखतं, त्याचा) धोका वाढतो म्हणे. गोळ्यांच्या सुट्टीच्या आठवड्यात (हार्मोनची गोळी नसते तेव्हा) कुणी दाढ काढलीय का? गोळ्या सोडून कॉपर-टी (त्यात हार्मोन्स नसतात) बसवल्यावर कुणाच्या हिरड्या सुधारल्या? बांबोळीच्या डेंटल कॉलेजात हिरड्यांसाठी कुठल्या ओपीडीत जायचं, तेही सांगा.