बी विंग: सोलरचं पाणी सकाळी कोमट

बी-३०४: दुपारी टेरेसवर पाण्यात हात घालवत नाही आणि पहाटे ६ ला आमच्याकडे नुसतं कोमट. प्लंबर म्हणतो, सोलरच्या सगळ्या काचेच्या ट्यूब बदला.

बी-६०२: ताई, इतक्यात नको. पुण्यात स्वच्छ दिवशी चौरस मीटरला साधारण ५ युनिट ऊन मिळतं. २ चौरस मीटरच्या सेटने निम्मं धरलं तरी १०० लिटर पाणी ४० अंशांनी चढतं. ऊन भरपूर आहे, गरम पाण्यात थंड मिसळतंय कुठेतरी.

बी-५०१: बरोबर. बाथरूममधल्या मिक्सरच्या (गरम-थंड एकत्र करणारा नळ) दोन्ही चाव्या उघड्या ठेवून हँड शॉवर टोकाला बंद केला की हे होतं. प्रेशर पंप फक्त थंड लाइनला, मग थंड पाणी मिक्सरमधून गरम लाइनीत ढकललं जातं. एका घरामुळे सगळ्यांचं कोमट.

बी-३०४: कोणाचं ते कसं कळणार?

बी-६०२: टेरेसवरचा गरम लाइनचा व्हॉल्व्ह बंद करायचा, थंडाचा पंप चालू ठेवायचा आणि तुमचा गरम नळ उघडायचा. पाइपातलं पाणी संपलं की धार थांबायला हवी. थांबली नाही तर एकेका घराची गरम लाइन बंद करत जा. जिथे धार तुटते ते घर. तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा, बसवायचा. खरं तर प्रत्येक घराला हवा.

बी-१०२: आमची पहिली बादली गारच येते, तेही हेच का?

बी-५०१: नाही काकू. पाऊण इंची पाइपात मीटरला ०.३ लिटर पाणी मावतं. ४० मीटरला १२ लिटर झालं, ते रात्रीत गार होणारच. इन्सुलेशनने रात्र निघत नाही, दोन आंघोळींमधला वेळ निघतो.

बी-४०३: मग ट्यूब बघायच्याच नाहीत?

बी-६०२: बघा ना. खालच्या टोकाची आरशासारखी चांदी पांढरी पडली असेल तर आतली निर्वात पोकळी गेली, तेवढीच ट्यूब बदला. काम उन्हं चढण्याआधी करा, तापलेल्या रिकाम्या ट्यूबमध्ये गार पाणी शिरलं की काच तडकते. आपल्याला खरा त्रास मे महिन्यात. बोअरचं जड पाणी ७०-८० अंशांवर गेलं की क्षार भराभर धरतो. तेव्हा निम्म्या ट्यूब झाकायच्या.

बी-४०३: आणि तो वरचा उघडा पाइप? बूच मारू का?

बी-६०२: अजिबात नको!! तो एअर व्हेंट आहे, टाकीतली हवा आत-बाहेर करायला. बंद केला तर टाकी फुगेल किंवा आत चेपेल.

बी-५०१: आज रात्री ९.३० ला व्हॉल्व्ह बंद करतोय. १०२ पासून सुरू करू. मिक्सर कोणी हलवू नका.